जुन्या डांबरी मालाचे बळकटीकरण (कोकण)

खराब झालेल्या रस्त्याचा डांबरी थर मिलिंग मशीनने खरवडून काढायचा आणि तोच माल मजबूत करून पुन्हा रस्त्यात घालायचा, अशी ही पद्धत. साइटवर या मालाला ‘रॅप’ किंवा नुसते ‘मिलिंगचा माल’ म्हणतात.

त्याला डबर समजून कडेच्या खाचरात लोटणे ही मोठी नासाडी आहे. एखादे ढेकूळ फोडून पाहावे. आतली काळ्या दगडाची खडी अजून शाबूत असते आणि तिच्यावर डांबराचा पातळ लेपही असतो. खडी झिजलेली नसते, डांबर म्हातारे झालेले असते. हवा आणि उन्हाने ते कडक, ठिसूळ होते. गरम पद्धतीत त्यात मऊ डांबर किंवा पुनरुज्जीवक तेल मिसळून त्याची लवचीकता परत आणतात. थंड पद्धतीत इमल्शन (पाण्यात बारीक थेंबांनी मिसळलेले डांबर) किंवा फेसाळ डांबर वापरतात. तापलेल्या डांबरात २-३ टक्के पाणी दाबाने सोडले की ते फसफसून कित्येक पट फुगते आणि थंड, ओलसर मालातही पसरते. जोडीला साधारण १ टक्का सिमेंट घालतात. त्यामुळे माल लवकर आवळतो आणि पाण्यालाही टिकतो. सिमेंटचा हात सैल सुटला तर मात्र थर आकसून तडकतो.

कोकणात खरी परीक्षा पाण्याची. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या रस्त्यात पाणी खडी आणि डांबर यांच्यामध्ये शिरते, लेप सुटतो आणि खड्डा पडतो. म्हणून नमुन्याची कोरडी ताकद पाहून समाधान मानू नये. २४ तास भिजवल्यावर किती उरते ते पाहावे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या आयआरसी ३७ या संहितेत अशा थंड मिश्रणाची अप्रत्यक्ष ताण-ताकद (नमुना कडेने दाबून फोडताना मिळणारी ताकद) कोरडी असताना किमान २२५ आणि भिजल्यावर किमान १०० किलोपास्कल मागितली आहे. पुनर्वापराच्या कामासाठी आयआरसी १२० (२०१५) ही वेगळी संहिता आहे.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवर (खडकाळ पठारांवर) जांभा मुबलक. चिरेखाणीतला चुराही पडून असतो. पण जांभा पाणी पितो आणि मऊ असतो, त्यामुळे वरच्या थराला तो चालत नाही. पक्की खडी लांबच्या क्रशरवरून डंपरने आणावी लागते. अशा गावी रस्त्यातच पडलेली काळी खडी सोन्यासारखी जपायला हवी. जांभ्याचा मुरूम, रॅप आणि थोडे सिमेंट यांचे मिश्रण खालच्या थरात वापरता येते, मात्र प्रमाण प्रयोगशाळेत तपासूनच ठरवावे.

काम दिवाळीनंतर सुरू करून मेच्या मध्यापर्यंत उरकावे. थंड थरातले पाणी उडायला कोरडी हवा लागते. मालाचा ढीग ताडपत्रीखाली हवा, कारण भिजलेला रॅप गरम प्लांटमध्ये सुकवण्यातच इंधन जळते. गटारे आधी मोकळी करावीत.

महामार्ग ६६ चा बराच भाग आता काँक्रीटचा झाला आहे, त्यामुळे ही पद्धत जास्त उपयोगी आहे ती आतल्या जिल्हा रस्त्यांना. तिथे थरावर थर चढवत गेल्याने रस्ता वाडीतल्या अंगणापेक्षा उंच होतो आणि पावसाचे पाणी थेट खळ्यात उतरते. आधी खरवडून मग तोच माल घातला की रस्त्याची पातळी आवाक्यात राहते.