ग्रीन टी खळखळ उकळायची नसते

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे परसातला गवती चहा उकळूनच घेतात. त्यावरून ग्रीन टीही ‘उकळल्याशिवाय उतरत नाही’ असा समज पक्का झालाय. तो चुकीचा आहे. गवती चहाची पात जाड. तिचा वास उतरायला झाकण ठेवून पाच मिनिटं मंद उकळी लागतेच. ग्रीन टीच्या पानातला तुरटपणा आणि कॅफिन मात्र उकळत्या पाण्यात भराभर उतरतं, म्हणून ती कडू होते. मग लोक साखर वाढवतात, आणि दोष चहापत्तीला देतात!

तिला साधारण ८० अंशांचं पाणी पुरतं. थर्मामीटर नको: तीन वाट्या उकळतं पाणी, एक वाटी माठातलं. बर्फ घालून गार ग्रीन टी करायची तर अर्धा लिटर अशा पाण्यात ८ ग्रॅम पत्ती, अडीच मिनिटं, लगेच गाळा. पत्ती दुप्पट, कारण वरून ४०० ग्रॅम बर्फ पडणार. पत्ती पिळू नका, तुरटपणा उतरतो. गवती चहाही हवा असेल तर तो वेगळा उकळून, गार करून मिसळा.

घाई नसेल तर आणखी सोपं: लिटरभर गार पाण्यात १० ग्रॅम पत्ती, फ्रिजमध्ये सहा ते आठ तास. कडवटपणा फारच कमी. ओट्यावर मात्र रात्रभर ठेवू नका, उन्हाळ्यात जंतू वाढतात.