सुखोईचं नोझल: वळणं वेगळं, आवळणं वेगळं

नाशिकजवळच्या ओझरवरून सुखोई हे लढाऊ विमान उडालं की आमच्या द्राक्षबागेतली माणसं हातातलं काम सोडून वर बघतात. मामेभाऊ डावणीची, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीची, फवारणी करत होता. म्हणाला, "दादा, याचं नोझल वळतं ना, म्हणून एवढा जाळ निघतो."

इथेच गल्लत होते. नोझल म्हणजे इंजिनाचं मागचं तोंड, झोत बाहेर पडतो ते. फवारणीची गन त्याच्या हातातच होती, तीच दाखवली. मनगट हलवलं की फवारा दुसऱ्या वेलीवर जातो, हे वळणं. मूठ फिरवली की त्याच फवाऱ्याचं धुकं होतं नाहीतर लांब धार, हे आवळणं.

वळण्याचं लवकर उरकतं. सुखोई-३०एमकेआयचं नोझल साधारण १५ अंशांपर्यंत वळतं. तेवढ्या कोनात इंजिनाच्या रेट्याचा जवळजवळ चौथा हिस्सा आडवा लागतो आणि पुढच्या रेट्यात जेमतेम साडेतीन टक्के घट येते. विमानाचं नाक झटक्यात फिरतं ते या आडव्या हिश्श्यावर. झोताची फक्त दिशा बदलते.

खरी गंमत आवळण्यात आहे. ओझरलाच बनून २०२५ च्या ऑक्टोबरात तिथूनच पहिल्यांदा उडालेल्या तेजस मार्क-१ए विमानाचं नोझल वळत नाही, तरी त्याच्या तोंडाभोवतीच्या पाकळ्या उघडमीट करतात. आफ्टरबर्नर लावला की टर्बाइनच्या मागे आणखी इंधन जळतं. भावाला दिसलेला जाळ हाच. वायू तापून फुगतो, त्याला वाट मोठी लागते. म्हणून जाळ निघताना पाकळ्या आवळत नाहीत, उलट उघडतात. तेव्हा त्या आवळलेल्याच राहिल्या, तर दाब मागे इंजिनात तुंबून पंख्याची लय बिघडेल.

आणि इथे आमची गन तोकडी पडते. पाण्याचं तोंड अरुंद केलं की धार वेगात जाते. वायूचंही तसंच, पण आवाजाच्या वेगापर्यंतच. त्यापुढे वेग वाढवायचा तर वाट रुंदावत न्यावी लागते! आधी निमुळतं, मग पसरट असं हे तोंड स्वीडनच्या गुस्ताफ द लावालने १९व्या शतकाच्या शेवटी वाफेच्या टर्बाइनसाठी वापरलं. दुधातून साय वेगळी करणारं यंत्रही त्याचंच, हे डेअरीवाल्यांना सांगायला मला आवडतं.

बाहेर पडणाऱ्या वायूचा दाब हवेच्या दाबाशी जुळला, तर झोत सरळ जातो. कमी पडला, तर हवा त्याला दाबते. तो आक्रसतो, फुगतो, पुन्हा आक्रसतो. दाबाच्या लाटा जिथे एकमेकींना भिडतात तिथे वायू तापून उजळतो आणि जाळात चौकटच्या ठिपक्यांची माळ दिसते. उंचावर हवा विरळ, म्हणून वायूचाच दाब वरचढ ठरतो आणि झोत नोझलबाहेर पडताच फुलारतो. तिथेही माळ उमटू शकते, पण सुरुवात फुगण्यापासून.

भावाने मूठ फिरवून पाहिली, मग मनगट. तोवर सुखोई दिंडोरीकडे निघून गेलं होतं.