चुकीच्या ऑफिसात दिलेला आरटीआय बाद होतो का?

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरत असतो, की माहिती अधिकाराचा (आरटीआय) अर्ज चुकीच्या खात्यात गेला तर तो बाद आणि फीसुद्धा बुडाली. तसं नाहीये. समजा ड्रेनेजचा प्रश्न नगर निगमचा आणि अर्ज दिलात कलेक्टर ऑफिसात, तर तिथल्या माहिती अधिकाऱ्यानेच तो जास्तीत जास्त 5 दिवसांत योग्य खात्याकडे पाठवायचा आणि तुम्हाला लगेच कळवायचं, हे त्याचं काम आहे, आपण हेलपाटे घालायचे नाहीत. खात्री करायचीय? 2005 चा माहिती अधिकार कायदा नेटवर फुकट मिळतो, कलम 6 चं पोटकलम 3 वाचा. खिडकीवर कुणी अर्ज परत सरकवला तर हेच कलम दाखवा, आणि शिक्का-तारखेची पावती घेतल्याशिवाय हलू नका, पुढे अपील करायची वेळ आली तर तीच लागते.