गिटारचं हमिंग आणि उलट गुंडाळलेली तार

गणेशोत्सवात बेळगावच्या गल्ल्यांतून किंवा तालुक्यातल्या गावजत्रांतून ऑर्केस्ट्रा ऐकताना एक आवाज हमखास कानावर येतो, आणि तो कुठल्याच गाण्यातला नसतो. मराठी गाणं संपलेलं असतं, गायक कन्नड गाण्याची वही उघडत असतो, निवेदकाचं बोलणं चाललेलं असतं, आणि गिटारवाल्याच्या बाजूनं सलग 'घूंऽऽ' चालू असतं. वादक त्याला हमिंग म्हणतात. गिटार वाजू लागली की ते झाकलं जातं. पण आवाज फाडणारं डिस्टॉर्शनचं पेडल दाबलं की गिटारच्या बरोबरीनं तेही फुगतं, आणि मग सोलो संपल्यावर पोरगा घाईघाईनं व्हॉल्यूम खाली ओढतो.

हे येतं विजेच्या तारांतून. आपल्याकडचा वीजप्रवाह सेकंदाला ५० आवर्तनं करतो. स्टेजखालचा ट्रान्सफॉर्मर, लाइटवाल्याचे डिमर, अॅम्प्लिफायरचा स्वतःचा पॉवर सप्लाय, या सगळ्यांभोवती त्याच तालात मागेपुढे होणारं चुंबकीय क्षेत्र असतं. पेटी वाजवणाऱ्यांच्या भाषेत ५० हर्ट्झ म्हणजे अगदी खालच्या सप्तकातली पांढरी पाच, किंचित चढी. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असल्यामुळे तिथल्या गिटारचं हमिंग काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्ये कुठेतरी लागतं.

गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला बोलते. मग त्याखालचं सगळं फिल्टरनं कापून टाकलं तर? तेवढ्यानं भागत नाही, कारण हमिंग एकट्या ५० वर थांबत नाही. १००, १५०, २०० असे त्याचे वरचे स्वरही सोबत येतात, आणि ते थेट गिटारच्या मुलखात आहेत. डिमरमुळे तर ही रांग आणखी वर जाते. नॉइज गेट नावाचं पेडल शांततेत तोंड बंद करतं खरं, पण विरत जाणाऱ्या सुराची शेपटीही त्याच दाराखाली चिरडते. भावगीताच्या साथीला ते मला मुळीच चालत नाही.

म्हणून मुलं हमबकर, म्हणजे घरघर मारणारा पिकअप विकत घेण्याचा विचार करतात. (पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेला, त्यांची थरथर विजेत बदलणारा भाग.) त्यांना माझं सांगणं एवढंच, की हमबकर ही मुळात दोन कॉइलींची, म्हणजे तारेच्या दोन वेटोळ्यांची मांडणी आहे, आणि तीन सिंगल कॉइल, म्हणजे एकेका वेटोळ्याचे पिकअप, असलेल्या फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर ऊर्फ स्ट्रॅट धाटणीच्या गिटारमध्ये त्या मांडणीचं बहुतेक सामान आधीच हजर असतं.

पिकअप उघडून पाहिला तर आत फार काही नसतं. सहा तारांखाली सहा चुंबकी दांडे, आणि त्यांच्याभोवती मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारेचे साधारण आठ हजार वेढे. पोलादी तार चुंबकावर थरथरली की कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत विद्युतदाब तयार होतो. फॅरडेनं १८३१ साली दाखवून दिलेला हाच नियम उसाच्या पट्ट्यातल्या प्रत्येक जनरेटरला चालवतो.

चिक्कोडी-अथणीकडे किंवा बेळगावच्या उद्यमबागेत पंपाच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्यांच्या हाती आयुष्यभर तांब्याची तारच असते. अशाच एका कारागिराला मी सुटा पिकअप दाखवला. त्यानं तो दिव्याखाली धरला, नखानं तारेचं टोक अलगद उचललं. ही तार ४२ गेजची, जाडी ०.०६ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे केसाएवढीच. "एवढी बारीक तार आमच्या मशिनवर टिकायची नाही बघा," तो म्हणाला. "खरं तार सुरू कुठनं झालीया आणि संपलीया कुठं, तेवढं दाखवा की. बाकीचं समजतंय." त्यानं नेमक्या जागी बोट ठेवलं होतं.

कॉइलला दोन गोष्टी ऐकू येतात, आणि दोन्ही वेगवेगळ्या नियमांनी. गिटारच्या तारेचा सिग्नल वेढ्यांच्या दिशेवर अवलंबून असतो, तसाच चुंबकाचा कुठला ध्रुव वर आहे यावरही. दोहोंपैकी एक उलटं केलं तर सिग्नल उलटतो. दोन्ही उलटी केली तर उणे गुणिले उणे अधिक, सिग्नल पुन्हा सुलटा. हमिंगचं मात्र तसं नाही. ते बाहेरून येतं, त्याला आतल्या चुंबकाशी देणंघेणं नाही, त्याला फक्त वेढ्यांची दिशा कळते.

आता दोन कॉइली घ्या. दुसरीचे वेढेही उलटे आणि चुंबकही उलटा. दोन्ही कॉइलींत तारेचा सिग्नल एकाच दिशेचा येतो, त्याची बेरीज होते. हमिंग एकीत अधिक आणि दुसरीत उणे येतं, त्याची वजाबाकी होते. ट्रान्सफॉर्मर दोन्ही कॉइलींपासून सारख्याच अंतरावर असल्यासारखा असतो, म्हणून दोन्हींत हमिंग जवळजवळ सारखंच शिरतं आणि वजाबाकी चांगली जमते. कुठलाही फिल्टर नाही, सुराचा एक कणही कापलेला नाही, आणि घरघर गेली! इलेक्ट्रिक गिटारच्या इतिहासात मला याहून देखणी युक्ती दिसत नाही.

गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी या रचनेच्या पेटंटसाठी १९५५ साली अर्ज केला आणि १९५९ साली ते मिळालं. ग्रेच या गिटार कंपनीसाठी रे बट्स यांनीही त्याच सुमारास असाच पिकअप केला होता. लव्हर यांनी दोन कॉइली एकमेकींना चिकटून ठेवल्या. पण त्या चिकटूनच असाव्या लागतात असं नाही, आणि याचा पुरावा बास गिटारवाल्यांच्या हातात आहे. फेंडरच्या प्रिसिजन बासमध्ये १९५७ पासून पिकअपचे दोन तुकडे आहेत, एक जाड दोन तारांखाली, दुसरा बारीक दोन तारांखाली. हमिंगची वजाबाकी होते, पण प्रत्येक तार ऐकते एकच कॉइल, त्यामुळे आवाज सिंगल कॉइलसारखा नेमका राहतो. १९६० च्या जॅझ बासमध्ये दोन पिकअप चांगले लांब लांब आहेत. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले की शांतता, एक कमी केला की घरघर परत. बासवाला मित्र असेल तर त्याच्याकडे हे लगेच करून पाहता येईल.

स्ट्रॅट बाजारात आली १९५४ साली, तीन पिकअप (मानेकडचा नेक, मधला मिडल आणि तारा टेकतात त्या ब्रिजकडचा ब्रिज) आणि तीन जागांचा स्विच घेऊन. वादक तो स्विच दोन जागांच्या मध्ये अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवू लागले, आणि १९७७ मध्ये फेंडरनं पाच जागांचा स्विचच बसवला. पुढे मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट चुंबकाचा देण्याची पद्धत पडली. तुमच्या गिटारमध्ये तसा आहे का, हे ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या जागेवर, म्हणजे मिडल शेजारच्या पिकअपबरोबर वाजतो तिथे, आणायचा. हमिंग झपकन उतरलं, तर आहे.

स्वस्त गिटारमध्ये पुष्कळदा तिन्ही पिकअप एकसारखेच असतात. तिथे शाळेतलं होकायंत्र आणि सुईचा जुना मल्टिमीटर, एवढी दोन हत्यारं लागतात. होकायंत्र एकेका पिकअपच्या डोक्यावर धरायचं आणि सुईचं कुठलं टोक ओढलं जातं ते पाहायचं. मग मीटर सर्वांत लहान डीसी पट्टीवर लावून, पिकअपची हॉट, म्हणजे सिग्नल नेणारी वायर अधिकला आणि ग्राउंड उणेला जोडून, दांड्यांवर स्क्रूड्रायव्हर टेकवायचा. टेकताक्षणी मीटरची सुई कुठल्या बाजूला उडते ते टिपून ठेवायचं.

निर्णय होकायंत्राचा. दोन पिकअपचे ध्रुव विरुद्ध असतील तर काम होणारच. मीटरची सुई दोन्हीकडे एकाच बाजूला उडाली तर काहीच करायला नको. विरुद्ध उडाली तर एका पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल करायची. (फेंडरच्याच टेलिकास्टर गिटारच्या नेक पिकअपचं धातूचं झाकण ग्राउंडला जोडलेलं असतं, तो जोड आधी वेगळा करावा लागतो, नाहीतर झाकणच ॲंटेना बनतं.) पण ध्रुव सारखेच असतील, तर वायरी कशाही जोडा, तारेचा सिग्नल मिळवून हमिंग वजा करणं होणार नाही. सिग्नल जुळवला की हमिंग दुप्पट, हमिंग मारलं की सिग्नल एकमेकांना खातात आणि आवाज नाकात बोलल्यासारखा पातळ होतो.

अशा वेळी स्वस्त पिकअप उलट सोयीचे पडतात. त्यांच्यात दांडे साध्या लोखंडाचे आणि खाली एक-दोन सिरॅमिक चुंबकपट्ट्या चिकटवलेल्या असतात. पट्टी जपून सोडवली, पालथी घातली, पुन्हा चिकटवली, की ध्रुव उलटले. अल्निको या चुंबकी मिश्रधातूचे दांडे असलेला जुन्या पद्धतीचा पिकअप असेल तर दांडा ढकलायच्या भानगडीत पडू नये, तार थेट त्याच्यावरच गुंडाळलेली असते आणि क्षणात तुटते.

हमिंग गेलं, पण हमबकरचा भरीवपणा? तो जोडणीत आहे. पाच जागांच्या स्विचवर दोन पिकअप पॅरललमध्ये, म्हणजे समांतर जोडणीत येतात. सहा-सहा किलोओहमच्या दोन कॉइली मिळून तीन किलोओहम होतात, इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला कॉइल करते तो अटकाव) निम्मा, आवाज स्वच्छ आणि चमकदार. टॉर्चमधल्या सेलसारख्या त्याच कॉइली एकामागे एक, सिरीजमध्ये जोडल्या की बारा किलोओहम, इंडक्टन्स दुप्पट, आणि दाबांची बेरीज. पेडल आणि अॅम्प्लिफायर लवकर आवाज फाडू लागतात, डिस्टॉर्शन दाट होतं.

टोनही बदलतो, आणि त्याचं गणित साधं आहे. पिकअपचा इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटी मिळून एक अनुनाद होतो, म्हणजे एका ठरावीक कंपनाला उठाव मिळतो, आणि त्याच्यावरचे सूर झपाट्यानं घसरतात. स्ट्रॅटच्या एका कॉइलचा इंडक्टन्स साधारण २.४ हेन्री आणि पाच-सहा मीटर केबल धरून एकूण कपॅसिटी ६०० पिकोफॅरड घेतली, तर अनुनाद ४२०० हर्ट्झच्या आसपास येतो. सिरीजमध्ये तो ३००० पर्यंत उतरतो, पॅरललमध्ये ५९०० वर चढतो. हमबकरची ऊब म्हणतात ती बरीचशी या ३००० मध्ये आहे. लांबलचक केबल वापरणाऱ्यांनी हे आकडे जरूर ध्यानात ठेवावेत.

तरीही नेक आणि मिडल सिरीजमध्ये जोडून हुबेहूब हमबकर मिळत नाही, आणि मला सगळ्यात रस आहे तो इथे. पिकअप तारेच्या ज्या बिंदूखाली बसतो, तिथे जे हलतं तेवढंच त्याला कळतं. स्ट्रॅटच्या तारेची लांबी ६४८ मिलिमीटर. नेक पिकअपचे दांडे ब्रिजपासून १६२ मिलिमीटरवर, म्हणजे बरोबर पाव लांबीवर. मोकळ्या तारेच्या चौथ्या हार्मोनिकचा (मूळ सुराच्या चौपट कंपनांच्या वरच्या स्वराचा) स्थिर बिंदू तिथेच येतो, त्यामुळे नेक पिकअपला तो स्वर ऐकूच येत नाही. मिडल पिकअप ९८ मिलिमीटरवर असतो आणि त्याला तो भरपूर ऐकू येतो. दोघं एकत्र आले की हरवलेला चौथा परत मिळतो. पण पाचव्याचं उलटं होतं. त्या स्वरासाठी तार नेकवर जेवढी वर जाते, जवळजवळ तेवढीच मिडलवर खाली जाते, आणि बेरीज शून्याशी येते. चौथ्या, म्हणजे नेक-मिडलच्या जागेवरच्या स्ट्रॅटचा तो पोकळ, टोकदार आवाज अशा गळालेल्या स्वरांनी घडतो.

लव्हरच्या हमबकरमध्ये कॉइलींतलं अंतर १८ मिलिमीटर आहे, आपल्या नेक-मिडल जोडीत ६४. कॉइलींच्या अंतराच्या दुप्पट लांबीची लाट आली की एक कॉइल वर आणि दुसरी खाली पाहते, दोघींची वजाबाकी होते. जाड तारेवर हमबकरची ही खाच ३००० हर्ट्झजवळ पडते, जिथे सूर नाहीतरी घसरायला लागलेले असतात. आपल्या जोडीची खाच पडते ८४० च्या आसपास, अगदी मध्यभागी. म्हणून सिरीजमधला स्ट्रॅट जाड, जोरकस, शांत असतो, पण त्याच्या पोटात थोडी पोकळी राहते. क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांच्या हातानं घडवलेल्या गिटारमध्ये तीन सिंगल कॉइल सिरीजमध्ये आहेत, आणि तो आवाज कुणी उसना हमबकर म्हणत नाही. माझ्या कानाला तर गायकाच्या मागे वाजवताना ही पोकळी बरीच वाटते. शब्दांना जागा मिळते.

प्रत्यक्ष काम पुश-पुल पॉटवर, म्हणजे ओढला-ढकलला की स्विचही बदलणाऱ्या नॉबवर होतं. नेकची ग्राउंड वायर पॉटच्या पाठीवरून सोडवून स्विचमार्गे मिडलच्या हॉटला न्यायची, मिडलची ग्राउंड जागेवरच ठेवायची, आउटपुट नेकच्या हॉटवरून घ्यायचं. नॉब ढकलला की जुनी पॅरलल जोडणी परत यायला हवी, म्हणून सहा पायांचाच स्विच घ्यावा. नेक आणि ब्रिज मात्र बहुतेक स्ट्रॅटमध्ये एकाच दिशेचे असतात. ते सिरीजमध्ये जोडले तर हमिंगही दुप्पट होतं. २५० किलोओहमचे पॉट सिरीजमध्ये आवाज जरा मंद करतात. व्हॉल्यूमचा पॉट ५०० चा केला की धार परत येते, पण मग एकेकटा पिकअपही अधिक टोचरा वाटतो. मी २५० च ठेवतो.

या सगळ्यानं चुंबकीय हमिंग जातं. तारांना हात लावल्यावर कमी होणारी खरखर वेगळी. ती विद्युतक्षेत्राची, तिला गिटारच्या पोकळीत तांब्याची पट्टी लावून ग्राउंड करावं लागतं. मंडपातलं अर्थिंग हा तर निराळाच विषय. घरघर थांबवायला अॅम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकणारी मुलं मी पाहिली आहेत. तसं केलं की अॅम्प्लिफायरमधला बिघाड थेट गिटारच्या तारांवर येऊ शकतो, आणि ओठ मायक्रोफोनला लागला की वाट पुरी होते. मायक्रोफोनला झिणझिण्या आल्या तर गिटार खाली ठेवायची, आणि लाइटवाल्याकडून अर्थिंग दुरुस्त करून घेतल्याशिवाय पुन्हा प्लग लावायचा नाही.