महाधमनी विस्फारावरील स्टेंट-ग्राफ्ट उपचार आणि धमनीभित्तीचा प्रतिसाद

महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या, भित्तीचा एखादा भाग कमजोर होऊन कायमचा फुगला, की त्या विकाराला महाधमनी विस्फार किंवा अ‍ॅन्युरिझम म्हणतात. पोटात, मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या धमन्यांच्या खालच्या भागात तो सर्वाधिक आढळतो. तेथील व्यास ३ सेंमी. किंवा त्याहून अधिक झाल्यास विस्फार आहे असे मानतात, पुरुषांत ५.५ सेंमी.च्या आणि स्त्रियांत ५ सेंमी.च्या आसपास तो पोहोचला, म्हणजे फुटण्याचा धोका शस्त्रक्रियेच्या धोक्याहून मोठा ठरू लागतो. पूर्वी यावर पोट उघडून, फुगलेल्या भागाच्या जागी कृत्रिम नळी शिवणे हाच उपाय होता. आता बहुसंख्य रुग्णांत जांघेतील धमनीतून बारीक नळी वर नेऊन, धातूच्या जाळीचा आधार असलेली कापडी नळी, म्हणजे स्टेंट-ग्राफ्ट, विस्फाराच्या आत उघडली जाते. रक्त या नव्या नळीतून वाहू लागते आणि फुगलेली पिशवी प्रवाहाबाहेर पडते. मात्र ती शरीरातच राहते. या उपचाराचे सारे वेगळेपण आणि त्याच्या बहुतेक अडचणी यातच आहेत, कारण रोगग्रस्त भित्ती काढली जात नाही आणि उपकरणाला त्याच भित्तीच्या संगतीत वर्षानुवर्षे टिकावे लागते.

युक्रेनमधील खार्किव येथील शल्यचिकित्सक निकोलाय वोलोदोस यांनी १९८७ मध्ये छातीतील महाधमनीत अशी नळी बसवली. पोटातील विस्फारासाठी शल्यचिकित्सक हुआन पारोदी यांनी १९९० मध्ये ब्युनोस आयर्स येथे ती वापरली आणि १९९१ मध्ये त्यांचा अनुभव प्रसिद्ध झाल्यावर ही पद्धत जगभर पसरली.

भित्तीचा प्रतिसाद समजण्यासाठी तिची उपचारापूर्वीची अवस्था पाहावी लागते. निरोगी महाधमनीच्या मध्यस्तरात इलास्टिन या लवचिक प्रथिनाची एकावर एक पटले असतात. त्यांच्यामध्ये अरेखित स्नायुपेशी आणि कोलॅजेनचे तंतू असतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला ताणले जाणे आणि पुन्हा मूळ आकाराला येणे हे काम इलास्टिन करते, पण त्याची निर्मिती मुख्यतः जन्मापूर्वी आणि बालपणी होते. प्रौढ वयात नष्ट झालेले इलास्टिन शरीर जवळजवळ भरून काढत नाही. विस्फारात बाह्यस्तराकडून शिरलेल्या भक्षकपेशी व लसीकापेशी आणि त्यांच्यासोबत वाढलेली प्रथिनभक्षक विकरे, विशेषतः मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज-९ आणि मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज-२, ही पटले तोडतात. स्नायुपेशींची संख्या घटते आणि सारा ताण कोलॅजेनवर येतो. पिशवीच्या आत साचलेल्या जाड गुठळीमुळे तिच्यामागच्या भित्तीला ऑक्सिजन कमी मिळतो, तर त्या गुठळीतील श्वेतपेशी आणखी विकरे सोडत राहतात.

नळीची सारी भिस्त विस्फाराच्या वरच्या, अजून न फुगलेल्या भागावर असते. शल्यचिकित्सक त्याला नेक म्हणतात. येथे घट्ट बसावी म्हणून नळी धमनीच्या व्यासापेक्षा साधारण १० ते २० टक्के मोठी निवडतात. निटिनॉल या निकेल-टायटॅनियम मिश्रधातूची जाळी आपल्या ठरलेल्या व्यासाकडे उघडत राहते, म्हणून भित्तीवरील तिचा बाहेरचा दाब पहिल्या दिवसानंतरही थांबत नाही. प्राण्यांवरील प्रयोगांत या सततच्या दाबाखाली मध्यस्तर पातळ झालेला, स्नायुपेशी कमी झालेल्या आणि इलास्टिनची पटले चपटी होऊन एकमेकांजवळ आलेली दिसतात. माणसांतही अनेक रुग्णांचा हा भाग हळूहळू रुंदावतो. ही रुंदी उपकरणाच्या व्यासापाशी थांबली, तर ते उपकरणाच्या दाबाचे अपेक्षित फळ आहे. त्यापुढेही वाढत गेली, तर मूळ रोग वर सरकत आहे असेच मानावे लागते. क्ष-किरण चित्रात दोन्ही अवस्था सुरुवातीला सारख्याच दिसतात, पण त्यांचा अर्थ अगदी वेगळा आहे.

नळी भित्तीशी एकजीव होईल ही सुरुवातीची आशा माणसांत फारशी खरी ठरली नाही. कुत्रा, डुक्कर, मेंढी यांच्या महाधमनीत कापडाच्या आतल्या बाजूवर अंतःस्तराच्या पेशींचे अस्तर लवकर पसरते. माणसांत ते कडांपासून थोड्याच अंतरापर्यंत जाते आणि उरलेल्या पृष्ठभागावर फायब्रिन (रक्त गोठताना तयार होणारे तंतुमय प्रथिन) व गुठळीचा पातळ थर राहतो. शरीरातून पुन्हा काढाव्या लागलेल्या किंवा मृत्यूनंतर तपासलेल्या नळ्यांत, कापड व भित्ती यांच्यामध्ये तयार झालेली तंतुमय ऊती तुटक आणि सहज सुटणारी आढळते. त्यामुळे नळी जागी राहते ती बहुतांशी यांत्रिक बळावर: जाळीचा दाब आणि भित्तीत रुतणारे बारीक आकडे यांवर. आकड्यांभोवती व्रणऊती तयार होते खरी, परंतु शिवलेल्या सांध्याइतके पक्के बंधन तिच्यातून निर्माण होत नाही. वयोवृद्ध, मेदरोहिणीकाठिण्य (धमन्यांत मेद साचून त्या कडक होणे) असलेल्या माणसाच्या धमनीकडून तरुण प्राण्याच्या धमनीसारखी भरून येण्याची अपेक्षाच मुळात अवास्तव होती, असे म्हणावे लागते.

उपचारानंतरच्या पहिल्या काही दिवसांत काही रुग्णांना जंतुसंसर्ग नसताना ताप येतो, श्वेतपेशी वाढतात आणि रक्तातील सी-रिअ‍ॅक्टिव्ह या दाह दर्शवणाऱ्या प्रथिनाची पातळी चढते. विणलेल्या पॉलिएस्टरच्या नळ्यांनंतर हे विस्तारित पीटीएफई (टेफ्लॉनच्या जातीचे प्लास्टिक) वापरलेल्या नळ्यांपेक्षा अधिक आढळते. पिशवीत नव्याने गोठलेले रक्त आणि परकीय कापड यांना दिलेला हा दाहप्रतिसाद बहुधा आपोआप ओसरतो, पण खऱ्या संसर्गापासून तो वेगळा ओळखणे महत्त्वाचे असते, कारण नळीचा संसर्ग विरळ असला तरी प्राणघातक ठरू शकतो.

उपचाराचे यश पिशवीच्या वागण्यातून कळते. प्रवाह खरोखर तुटला, की आतला दाब उतरतो, उरलेले रक्त गोठते, भक्षकपेशी गुठळी हळूहळू शोषतात आणि तंतुजनक पेशी तिची जागा घेतात. भित्तीवरचा ताण घटून पिशवी आकसते. पहिल्या वर्षात व्यास ५ मिमी. किंवा अधिक कमी झालेल्या रुग्णांची पुढची वाटचाल, पिशवी तशीच राहिलेल्या रुग्णांपेक्षा सामान्यतः चांगली असते. काही विस्फारांत भित्ती जाड होऊन सभोवतीच्या ऊतींना, मूत्रवाहिन्यांनाही, तंतुमय वेढा पडलेला असतो. ताण व दाह उतरल्यावर हा वेढाही अनेकदा सैल होतो.

रक्त मात्र पिशवीत परत शिरू शकते. या गळतीला एंडोलीक म्हणतात. नळीच्या टोकाशी सांधा सुटल्यास ती पहिल्या प्रकारची आणि नळीच्या तुकड्यांचा जोड सुटल्यास किंवा कापड फाटल्यास तिसऱ्या प्रकारची असते. या दोन्हींत पिशवीवर जवळजवळ पूर्ण रक्तदाब येतो, म्हणून तातडीने दुरुस्ती करतात. पिशवीला जोडलेल्या कटिधमन्या (कमरेकडे जाणाऱ्या) किंवा अधो आंत्रबंध धमनी (आतड्याकडे जाणारी) यांतून उलट्या प्रवाहाने होणारी दुसऱ्या प्रकारची गळती सर्वांत सामान्य असून पुष्कळदा आपोआप बंद पडते. पिशवी वाढत असेल, तर ती दुर्लक्षून चालत नाही. गळती दिसत नसतानाही पिशवी वाढणे शक्य आहे, कारण गुठळीतूनही दाब पोहोचू शकतो.

ताठ नळी बसल्यावर महाधमनीचा तो भाग ठोक्याबरोबर पूर्वीसारखा फुलत नाही. नाडीलहरीचा वेग वाढतो आणि हृदयाच्या डाव्या जवनिकेला, म्हणजे खालच्या डाव्या कप्प्याला, अधिक विरोधाविरुद्ध रक्त ढकलावे लागते, म्हणून या रुग्णांत रक्तदाबाच्या नियंत्रणाला दुहेरी महत्त्व आहे.

स्टेंट-ग्राफ्ट आणि खुली शस्त्रक्रिया यांची तुलना करणाऱ्या ब्रिटनमधील ईव्हीएआर-१ चाचणीत हे जैविक वास्तव आकड्यांत उतरले. १९९९ ते २००४ या काळात तीत रुग्ण नोंदवले गेले. स्टेंट-ग्राफ्टच्या गटात पहिल्या ३० दिवसांतील मृत्युदर खुल्या शस्त्रक्रियेच्या तुलनेत निम्म्याहून कमी होता, पण हा लाभ पुढील काही वर्षांत पुसला गेला आणि ८ वर्षांनंतर स्टेंट-ग्राफ्टच्या गटात मृत्यू अधिक दिसले. पिशवीचे नंतरचे फुटणे हे त्यामागचे एक कारण होते. यामुळेच या रुग्णांना सीटी स्कॅन किंवा सोनोग्राफीने आयुष्यभर तपासत राहावे लागते. मार्फान सिंड्रोमसारख्या आनुवंशिक संयोजी ऊतिविकारांत, जेथे फायब्रिलिन-१ हे संयोजी ऊतीचे प्रथिन सदोष असल्याने संपूर्ण महाधमनीच नाजूक असते, नळीच्या सततच्या दाबाला तोंड देईल अशी निरोगी भित्तीच उपलब्ध नसते, म्हणून तेथे शक्य असेल तेव्हा खुली शस्त्रक्रियाच निवडली जाते.