प्राचीन ईजिप्तच्या युद्धसामग्रीवरील परकीय प्रभाव

नाईलच्या खोऱ्यातील सैन्य मध्य राज्याच्या (इ. स. पू. सु. २०५० ते १६५०) काळापर्यंत मुख्यतः पायदळाचे होते. साधे लाकडी धनुष्य, भाला, कुऱ्हाड आणि कातड्याने मढवलेली ढाल ही त्याची आयुधे होती. तेव्हाही हे सैन्य पूर्णपणे स्वदेशी नव्हते, कारण तिरंदाजीसाठी दक्षिणेकडील न्यूबियन लोकांची भरती होत असे. असयूत येथील प्रांताधिकारी मेसेहती याच्या थडग्यात ४० न्यूबियन तिरंदाजांच्या रांगेची लाकडी प्रतिकृती सापडली आहे.

मोठा बदल इ. स. पू. सु. १६५० ते १५५० या काळात झाला. त्या वेळी पश्चिम आशियाई वंशाचे हिक्सॉस राजे त्रिभुज प्रदेशातील अव्हारिस येथून राज्य करीत होते. त्यांनी रथांच्या बळावर देश एका झपाट्यात जिंकला, ही लोकप्रिय कथा उत्खननाशी जुळत नाही. अव्हारिसला आशियाई वस्ती पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेली दिसते. मात्र घोडा आणि रथ ईजिप्तच्या युद्धात याच सुमारास उतरले, आणि हिक्सॉसांना हाकलणाऱ्या आहमोस राजाच्या अबायडॉस येथील शिल्पखंडांत ते स्पष्ट दिसतात. रथाला ईजिप्शियन भाषेत रूढ झालेला ‘मर्कबत’ हा शब्दही सेमिटिक, म्हणजे पश्चिम आशियाई भाषाकुळातलाच आहे.

ही उसनवारी नकलेपुरती राहिली नाही. ईजिप्शियन कारागिरांनी रथ अतिशय हलका केला आणि त्यात सारथी व धनुर्धारी असे दोघेच ठेवले, सिरियात अनातोलियाच्या हिटाइटांशी झालेल्या कादेशच्या लढाईच्या (इ. स. पू. सु. १२७४) ईजिप्शियन शिल्पांत हिटाइट रथावर मात्र तिघे दिसतात. रथाला लागणारे एल्म, ॲश यांसारखे लाकूड नाईलकाठी होत नसल्यामुळे ते उत्तरेकडून आणावे लागे, म्हणजे शस्त्र आपलेसे झाले तरी त्याचा कच्चा माल परकाच राहिला.

लाकूड, शिंग व स्नायूतंतू एकत्र चिकटवून केलेले संयुक्त धनुष्य आणि कांस्याच्या खवल्यांचे चिलखत हेही आशियाकडूनच आले. तिसऱ्या थटमोस राजाने कनानमधील मेगिद्दोच्या विजयात मिळवलेल्या लुटीची कर्नाक येथे कोरलेली यादी ९२४ रथ, २०० चिलखते आणि ५०२ धनुष्ये सांगते. परकी शस्त्रे देशात येण्याचा लूट हा एक सरळ मार्ग होता. तरीही जुने धनुष्य अडगळीत गेले नाही, आणि तूतांखामेनच्या थडग्यात दोन्ही प्रकारची धनुष्ये शेजारी शेजारी ठेवलेली होती. ‘खोपेश’ ही विळ्यासारखी वाकलेली तलवार लेव्हांटमधली, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरची. तिचे ईजिप्शियन नाव मात्र पशूच्या पुढच्या पायावरून पडलेले आहे.

दुसऱ्या रॅमसीझच्या राजधानीत, आजच्या कांतीर येथे, रथांच्या कार्यशाळांबरोबर हिटाइट पद्धतीच्या ढालींसाठीचे दगडी साचेही सापडले आहेत. कालच्या शत्रूची ढाल फेअरोच्या कारखान्यात घडत होती. याच राजाच्या अंगरक्षकांत समुद्रमार्गे आलेले, शिंगांच्या शिरस्त्राणाचे शर्दन योद्धे होते. पुढे सव्विसाव्या राजवंशाने कांस्य चिलखतधारी ग्रीक व (नैर्ऋत्य अनातोलियातील) कॅरियन भाडोत्री सैनिक पदरी ठेवले, आणि इ. स. पू. सु. ५९२ मधील न्यूबियाच्या मोहिमेवर निघालेल्या अशा सैनिकांनी अबू सिंबेल येथे रॅमसीझच्याच महामूर्तीच्या पायावर आपली नावे कोरली.