घटस्फोटानंतर दोघांच्या नावावरचं घर विकायचं असेल तर (वडोदरा)

हुकूमनामा हातात आला म्हणून दस्तातलं नाव निघत नाही. कोर्टाने वेगळं काही ठरवलं नसेल, तर विक्रीच्या दस्तावर दोघांच्याही सह्या लागतात. एकट्याला आपला हिस्सा विकता येतो, पण अर्धा फ्लॅट घेणार कोण?

हप्ते कोणी भरले हा पैशाच्या वाटणीचा प्रश्न. दस्तात हिस्से लिहिलेले नसतील तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे ज्याने जितके पैसे घातले तितका त्याचा हिस्सा. पुरावाच नसेल तर निम्मेनिम्मे. म्हणून बँकेची जुनी स्टेटमेंट फेकू नका. संमतीने घटस्फोट होत असेल तर भाव, कर्ज, वाटणी आणि घर रिकामं करायची तारीख समजुतीच्या अटींतच लिहून घ्या. नंतर फोनवर यातलं काही ठरत नाही.

वडोदऱ्यात गाडी अडते ती अशांत धाऱ्यापाशी, म्हणजे अशांत ठरवलेल्या भागांत घर-जागेच्या विक्रीवर बंधन घालणाऱ्या गुजरातच्या कायद्यापाशी. जुन्या शहरातले बरेच भाग १९९१ च्या या कायद्याखाली येतात. तिथे दस्ताआधी कलेक्टरची परवानगी हवी. ती नसेल तर विक्रीच रद्दबातल. विक्री राजीखुशीची आहे का आणि भाव वाजवी आहे का, हे त्यात तपासतात. बोलणं बंद असलेल्या दोघांसाठी यातलं पहिलंच अवघड! तेव्हा बानाखत (विक्रीचा आधीचा करार) करण्यापूर्वी आपला सर्व्हे नंबर त्यात येतो का ते पाहा.

कागद नेहमीचेच: मूळ दस्त, इंडेक्स-२ (दस्त नोंदणीचा उतारा), प्रॉपर्टी कार्ड, वेरा बिल (घरपट्टीचं बिल), दोघांचे पॅन-आधार, सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट. सोबत हुकूमनाम्याची सर्टिफाइड नक्कल ठेवा. कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेने मूळ कागद ३० दिवसांत द्यायचे असतात. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. एक जण परदेशात असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र चालतं, पण ते इथे आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्या.

स्टँप ड्युटी ४.९ टक्के, बहुधा खरेदीदाराकडे. नोंदणी फी १ टक्का. घेणारी बाई असेल तर माफ. घराची किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. तो दोघांच्या पॅनवर वेगवेगळा भरायला सांगा, आणि दोघांचे चेकही वेगळे घ्या.

एक जण सहीच करत नसेल तर फॅमिली कोर्ट. नवरा-बायकोच्या मालमत्तेचे दावे १९८४ च्या कायद्याने तिथेच चालतात. घराची वाटणी होण्यासारखी नसेल तर निम्म्या हिस्सेदाराच्या मागणीवरून कोर्ट विक्रीचा हुकूम देऊ शकतं. अशा वेळी दुसऱ्याला कोर्टाने ठरवलेल्या किमतीत तो हिस्सा स्वतःच विकत घेता येतो.